पांढरीच्या मातीला पत हवी

आपल्या खेड्यांत ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. पांढरीच्या मातीच्या भिंतींआड पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदली. सरकारी दफ्तरी मात्र त्या घराची नोंद ‘कच्चे’ अशीच. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत मैदानी भागातील घरासाठी १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य ठरले. त्यांतील किती रुपये गावात राहतात, हा साधा आर्थिक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. सिमेंट, पोलाद व भट्टीची वीट यांच्यावाटे अनुदानाचा मोठा हिस्सा गावाबाहेर जातो.

पर्याय अज्ञात आहे असे नव्हे. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग निघाला. मातीत थोडे सिमेंट, साधारणतः ५ ते ८ टक्के, मिसळून हातयंत्राने दाबलेल्या विटांचे तंत्र तेथे विकसित झाले. ही वीट भाजावी लागत नाही. पाणी मारून ती पक्की होते. जळण वाचते आणि खर्चाचा मोठा भाग मजुरीच्या रूपाने गावातच फिरतो.

यावर किल्लारीचा दाखला दिला जाईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे हजारो माणसे गाडली गेली, ती एकसंध बांध नसलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाचे ओझे यांखाली. दोष बांधणीचा होता. दाबलेल्या विटेच्या घरालाही जोत्यावर व चौकटींवर सलोह काँक्रीटचे पट्टे हवेतच. शिवाय काळी माती फुगते व भेगाळते. तिच्या वाट्याला जाता कामा नये. म्हणून गावोगावी मातीची परीक्षा आवश्यक आहे.

परंतु खरा अडसर तांत्रिक नसून सामाजिक आहे. गरिबांना माती आणि साहेबांना सिमेंट अशी वाटणी झाली, तर गरीब या विटेकडे अपमान म्हणूनच पाहील, आणि त्याचे चुकणार नाही. तेव्हा जिल्हा परिषदांनी प्रथम शाळा, तलाठ्याचे कार्यालय व पंचायतीची इमारत या विटेने बांधावी. यंत्रे ठेकेदारांच्या नव्हे, तर बचत गटांच्या व मजूर सहकारी संस्थांच्या हाती द्यावीत. गवंड्यांना वेतनासह प्रशिक्षण द्यावे. एवढे केल्यावरच सरकारने गरिबाला मातीच्या घराची महती सांगावी. तोवर तो अधिकार त्याला नाही.