३८ टक्क्यांचा भरवसा

थर्मामीटर ताप मोजतो. बॅटरीवर दिसणारी टक्केवारी मात्र थेट मोजलेली नसते, ती हिशेबाने काढलेली असते. वाचकहो, मोबाइलच्या बाबतीत हा भेद आपल्याला फारसा जाणवत नाही. पण घरातील कोणी दृष्टिहीन व्यक्ती ब्रेल डिस्प्ले वापरत असेल, तर तो समजून घेणे अगत्याचे आहे. आरोग्याच्या स्तंभात या विषयाला जागा का दिली, हे पुढील उदाहरणावरून ध्यानी येईल.

राहनाळच्या गोदामांच्या परिसरात राहणारा एक तरुण आपल्या आईला तपासणीसाठी माझ्याकडे घेऊन येतो. आईला मधुमेह आहे. सकाळी व रात्री इन्सुलिन घ्यावे लागते. तरुणाला जन्मापासून दिसत नाही. आईची साखर, इन्सुलिनची मात्रा आणि ती घेतल्याची वेळ ही सारी नोंद तो पिशवीत मावणाऱ्या ब्रेल यंत्रात ठेवतो. एका रात्री बॅटरी ३८ टक्के शिल्लक असल्याचे दाखवत असतानाच ते यंत्र बंद पडले. रात्रीची मात्रा झाली होती की राहिली होती, हे दोघांनाही नक्की आठवेना.

येथे आधी वैद्यकीय गोष्ट सांगतो. मात्रा घेतल्याबद्दल शंका असेल, तर अंदाजाने दुसऱ्यांदा इन्सुलिन टोचू नये. साखर तपासावी आणि डॉक्टरांना फोन करावा. दुप्पट मात्रेने साखर काही तासांतच धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते. एखादी मात्रा राहून गेल्यास सावरायला बहुधा वेळ मिळतो. त्या मायलेकांनी हेच केले.

आता यंत्राकडे वळू. कागदावरील ब्रेल अक्षर सहा ठिपक्यांचे असते. डिस्प्लेवर प्रत्येक अक्षराच्या जागी बहुधा आठ बारीक टाचण्या असतात व त्या वरखाली होतात. बहुतेक यंत्रांत दाब-विद्युत पट्टी वाकते आणि टाचणी उचलली जाते. त्यासाठी सुमारे २०० व्होल्ट दाब लागतो. प्रवाह मात्र अगदी थोडा. बॅटरीचे तीन-चार व्होल्ट यंत्रातच वाढवून तो दाब निर्माण केला जातो. बॅटरी किती उरली, हेही बोटांनीच वाचायचे: आधी अंकचिन्ह, मग ३ चे दोन ठिपके, मग ८ चे तीन. आपण पडद्याच्या कोपऱ्यातील खूण जाता-येता पाहतो, तशी सोय येथे नाही. म्हणून वाचलेला आकडा खरा असणे अधिक गरजेचे.

तो खोटा का ठरतो? रुग्णालयात गंभीर रुग्णाचा इनटेक-आउटपुट चार्ट ठेवतात. पोटात किती पाणी गेले, बाहेर किती आले, याची पाळीपाळीने नोंद होते. घाम मोजता येत नाही, अर्धा पेला सांडतो; दोन-चार दिवसांत कागदावरील बेरीज आणि रुग्णाचे शरीर यांत अंतर पडते. मग रुग्णाचे वजन करून हिशेब ताळ्यावर आणतात. अनेक यंत्रांतील मापक असाच बॅटरीत शिरलेल्या व बाहेर पडलेल्या विजेची बेरीज-वजाबाकी करत असतो. लिथियम बॅटरीचा दाब मधल्या पट्ट्यात फार थोडा बदलतो, त्यामुळे तेथे चूक पकडणे अवघड. पूर्ण भरलेली आणि पूर्ण रिकामी, या दोन टोकांनाच खात्रीची खूण सापडते. जे यंत्र सदैव चार्जरला लावलेले असते किंवा थोडे वापरून थोडे भरले जाते, ते या टोकांपर्यंत पोहोचतच नाही, आणि चुका साचत जातात.

टोकांची ही ओळख करून देणे म्हणजेच कॅलिब्रेशन. प्रथम सर्व नोंदींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. यंत्र पूर्ण चार्ज करावे आणि भरल्यानंतरही तास-दोन तास चार्जरवर राहू द्यावे. मग चार्जर काढून नेहमीसारखे वापरावे. आपोआप झोपी जाण्याची सोय बंद करता येत असेल तर करावी. मध्ये क्षणभरही चार्जर न लावता ते स्वतःहून बंद पडेपर्यंत वापरावे. काही तास तसेच ठेवून पुन्हा पूर्ण, अखंड चार्ज करावे. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळी रीत दिली असेल, तर तीच पाळावी. परीक्षेच्या किंवा प्रवासाच्या आदल्या दिवशी हा उद्योग नको. वीज जाणार असल्याची सूचना आलेला दिवसही नको.

हे दर आठवड्याला करण्याचे व्रत नव्हे. बॅटरी रोज पूर्ण उतरवावी, हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातला. लिथियमला त्याने झीजच होते. दोन-तीन महिन्यांनी, किंवा आकडा वागण्याशी जुळेनासा झाला की करावे. एवढे करूनही यंत्र ३०-४० टक्क्यांवरच मान टाकत असेल, तर दोष हिशेबाचा नसून बहुधा बॅटरीच थकली आहे, ती बदलावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली, उशीखाली किंवा गादीवर चार्जिंग करू नये. उष्णता लिथियमची वैरीण. झाकण नीट बसत नसेल, सपाट टेबलावर यंत्र डुगडुगत असेल, तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी आणि चार्जिंग तत्काळ थांबवावे. ही लक्षणे पाहण्यापेक्षा हाताला आधी कळतात. म्हणून घरच्यांनी यंत्र काढून घेऊन ‘आम्ही बघतो’ म्हणू नये. ज्याचे यंत्र, त्यालाच हे सारे करू द्यावे.

त्या तरुणाने कॅलिब्रेशन केले. आकडा आता बराचसा खरा बोलतो. तरीही मी त्याला आणखी एक काम सांगितले: इन्सुलिनची मात्रा आणि माझा दूरध्वनी क्रमांक ब्रेल पाटीवर जाड कागदात टोचून ठेवायचा. तो कागद आता त्यांच्या फ्रिजच्या दाराला, इन्सुलिन असते त्या बाजूला, चिकटवलेला आहे. त्याखालीच सुतळीला बांधलेली एक डबी आहे. मात्रा झाली की आई तीत एक चिंचोका टाकते. सकाळचा एक, रात्रीचा एक.