पंप बदला म्हणण्याआधी

ताप किती आहे हे न पाहता कुणी औषध दिलं, तर त्याला आपण डॉक्टर म्हणत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र हेच रोज चालवून घेतो. जुनी इंजेक्शनची पेट्रोल गाडी सुरू व्हायला वेळ लावू लागली, चढावर दम टाकू लागली, की गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं : "पंप गेला." माझं मत असं आहे की, प्रेशर मोजल्याशिवाय हे वाक्य बोलण्याचा अधिकार कुणालाच नाही.

थोडं मागे जाऊ. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली, कार्बोरेटर घेऊन. त्याला पेट्रोल अगदी कमी दाबानं लागायचं. एप्रिल २००० मध्ये दिल्ली परिसरात आणि २००५ पर्यंत देशभर भारत स्टेज दोनचे नियम आले, आणि त्या काळात कार्बोरेटरची जागा एमपीएफआयनं घेतली. टाकीत विजेवर चालणारा पंप, पुढे फिल्टर, मग इंजेक्टर, आणि दाब नेमका राखणारा रेग्युलेटर अशी ही साखळी. तिच्यातला दाब साधारण अडीच ते तीन बार, म्हणजे ३६ ते ४४ पीएसआय असतो. टायरमध्ये आपण तीसेक पीएसआय हवा भरतो, हे लक्षात घेतलं की अंदाज येईल. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण त्या पिढीतल्या गाड्या आर्वी, हिंगणघाट, समुद्रपूरकडे अजून धावताहेत. पुष्कळ घरांत तीच एकुलती एक गाडी आहे.

आता बघा, साखळीत चार कड्या असताना दोष नेहमी एकाच कडीचा कसा असेल? गेज लावलं की कड्या वेगवेगळ्या बोलू लागतात. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू न करता, पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि काटा वर चढतो. पंप बंद झाल्यावर काटा बराच वेळ टिकला पाहिजे. तो झरकन खाली आला, तर पंपातली झडप, रेग्युलेटर किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. तापलेली गाडी पुन्हा सुरू होताना त्रास देते, तिचं कारण अनेकदा हे असतं. ज्या गाड्यांत रेग्युलेटरला व्हॅक्यूमची नळी असते, तिथे ती काढल्यावर दाब अर्ध्या बारच्या आसपास वाढायला हवा. नळीत पेट्रोल दिसलं, तर आतला पडदा फाटलाय. जागेवर दाब बरोबर आणि वेग घेताना पडतो, तर आधी फिल्टर बघावा. दाब जास्त असेल, तर परतीची नळी तुंबलीय का ते पाहावं. एक मात्र सांगतो, गेज लावण्याआधी लाइनमधला दाब उतरवलाच पाहिजे. गरम इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी उडाली तर गाडी राहील बाजूला, माणूस जळेल.

आमच्या शेजारच्या गाडीचा अनुभव सांगण्यासारखा आहे. घरातल्या म्हाताऱ्या आईला ठरलेल्या दिवशी सेवाग्रामला न्यावं लागतं, आणि गाडी मे महिन्याच्या उन्हात वाटेतच बसू लागली. एका गॅरेजमध्ये पंप बदलला. महिन्याभरात तेच. पुन्हा पंप. "मोजून पाहिलं का रे?" मी विचारलं. "आवाजावरूनच कळते जी, सर," उत्तर आलं. शेवटी दुसऱ्या एका पोरानं मल्टिमीटर लावला. बॅटरीवर बारा व्होल्टच्या वर, आणि पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम नऊ! अर्थिंगची तार गंजली होती. पंप बिचारा उपाशीपोटी काम करत होता. तार घासून पक्की केली, आणि काटा जागेवर आला. दोन पंपांचे पैसे गेले ते गेलेच, पण वाटेत बसलेल्या त्या आईचे हाल कोणत्या बिलात लिहायचे? आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

हल्ली 'पंप गेला'च्या जोडीला नवं उत्तर आलंय : "इथेनॉलमुळे." २०२५ साली पेट्रोलमधलं इथेनॉल २० टक्क्यांवर पोचलं. त्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. शंका अगदीच निराधार नाही. इथेनॉल पाणी शोषतं, टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरकडे ढकलतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नाहीत. पण म्हणून प्रत्येक बिघाड इथेनॉलचा ठरत नाही, आणि एकही बिघाड त्याचा नाही असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंना मोजमाप नकोय, मतं हवीत. फिल्टर कापून पाहा, नळी दाबून पाहा, काटा वाचा. मग बोला.

मेकॅनिकला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, पण खेड्यातली बहुतेक पोरं उस्तादाच्या हाताखालीच शिकतात. आणि उस्ताद शिकला कार्बोरेटरवर, जिथे कानानं खरंच पुष्कळ कळायचं. शिवाय आपण गिऱ्हाइकं सुटा भाग बदलल्याचे पैसे मुकाट देतो, आणि तपासणीचे मागितले की कुरकुरतो. "नुसतं बघण्याचे दोनशे?" असं विचारतो. मग तो तरी का मोजेल?

म्हणून माझं सांगणं दोन्हीकडे आहे. गॅरेजवाल्यांनी प्रेशर गेज आणि मल्टिमीटर पान्याइतकेच हाताशी ठेवावेत. आणि आपण भाग बदलायला होकार देण्याआधी दोन आकडे विचारावेत : दाब किती, आणि पंपापाशी व्होल्ट किती. ते बिलावर लिहून घ्यावेत, आणि त्या तपासणीचे पैसे आनंदानं द्यावेत. उन्हाळ्यात टाकी अगदी रिकामी होऊ देऊ नये, कारण पंप थंड राहतो तो भोवतीच्या पेट्रोलमुळेच. 

वर्गात गणिताचं उत्तर बरोबर आलं, तरी रीत नसेल तर आम्ही गुण कापत असू. इथे तर उत्तरही चुकतं, आणि गुण कापले जातात ते गाडीत बसलेल्याचे.