लिस्बनमध्ये एक दिवस आणि बाबांचा जन्मदाखला

आपल्या गोव्यातल्या मराठी घरांत लिस्बन हे नाव पॅरिस किंवा रोमसारखं सहज घेतलं जात नाही. कुणीतरी लगेच म्हणतं, ‘पोर्तुगीजांच्या वेळी शिस्त होती हो!’ दुसरं कुणी रागाने विषयच बंद करतं. आणि आमच्या पिढीत विचारला जाणारा प्रश्न वेगळाच असतो: ‘पासपोर्टचं काय केलंस?’

परराज्यातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्यामुळे त्यांच्या मुलांनाही, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज करता येत आला आहे. माझ्या बाबांचा जन्म १९५८ सालचा, फोंड्याचा. त्यामुळे दर चतुर्थीला नातेवाईक जमले की माटोळीखाली बसून हा विषय निघतोच. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाच्या देशांत राहण्याची आणि नोकरीची मुभा. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणजे आपला पासपोर्ट परत करावा लागतो. हा व्यवहार कागदावर दोन ओळींचा आहे, मनात तेवढा सोपा नाही.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसच्या कामानिमित्त युरोपात असताना एक दिवस मोकळा मिळाला. मी तो लिस्बनला दिला. तुम्हालाही कधी असा एकच दिवस मिळाला तर उपयोगी पडेल, म्हणून तो क्रमाने सांगतो.

सकाळ तेजू नदीच्या काठावरून, प्रासा दु कोमेर्सियु या मोठ्या चौकातून सुरू करावी. तिन्ही बाजूंना पिवळ्या इमारती, चौथ्या बाजूला नदी. जुने लोक या जागेला अजून ‘राजवाड्याचं पटांगण’ म्हणतात, पण राजवाडा तिथे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी मोठा भूकंप झाला, मग समुद्राच्या लाटा शहरात शिरल्या आणि नंतर आगी लागल्या. राजवाडा गेला. पूर्वेकडच्या व्यापाराचा कारभार पाहणारी ‘कासा दा इंडिया’ म्हणजे ‘भारत-घर’ ही कचेरीही त्यातच गेली.

इंजिनियर म्हणून मला पुढची गोष्ट जास्त आवडली. पंतप्रधान मार्केस द पोंबाल याने शहराचा हा भाग सरळ रेषेतल्या रस्त्यांवर नव्याने आखला. घरांच्या भिंतींत लाकडी चौकटींचा पिंजरा घातला, म्हणजे जमीन हलली तरी इमारत एकदम कोसळणार नाही. नमुन्याच्या सांगाड्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावून त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात. आम्ही नवी यंत्रणा सुरू करण्याआधी तिच्यावर मुद्दाम ताण देऊन पाहतो, तसंच हे. या भागातल्या काही जुन्या इमारतींत तो पिंजरा अजून आहे.

तिथून चढावर दहा मिनिटं चाललं की ‘से’ म्हणजे मुख्य कॅथेड्रल लागतं. ओल्ड गोव्याच्या ‘से’ कॅथेड्रलचं नाव तेच. इथे शेजारून २८ नंबरची छोटी पिवळी ट्राम जाते. बसायचं असेल तर सकाळी लवकर बसा. दुपारी ती आपल्या गर्दीच्या बससारखी खच्चून भरते आणि खिसेकापूंची चंगळ होते. रस्ते गुळगुळीत दगडी तुकड्यांचे आहेत, तेव्हा चपला नकोत, घट्ट बूट घाला.

आता मुद्द्याचं ठिकाण. ‘से’च्या अगदी बाजूला अल्जूब नावाची साधी, जाड भिंतींची इमारत आहे. बहुतेक पर्यटक तिच्यासमोर ट्रामचा फोटो काढून पुढे जातात. सालाझारच्या हुकूमशाहीत हा राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. १९६५पर्यंत तो चालू होता आणि २०१५मध्ये त्याचं संग्रहालय झालं. आत एकांतवासाच्या कोठड्या आहेत, इतक्या अरुंद की उभा राहून मी दोन्ही हात पसरू शकत नव्हतो. चोरून छापलेली पत्रकं आहेत, कैद्यांचे फोटो आहेत. फोटोंतले बहुतेक चेहरे पोर्तुगीज कामगारांचे, विद्यार्थ्यांचे, लेखकांचे. वसाहतींमधल्या लढ्यांनाही त्यात जागा दिली आहे.

गोव्यात ‘पोर्तुगीज’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गणवेशातला शिपाई यायचा. इथे त्याच पोलिसांनी छळलेले पोर्तुगीज लोक भिंतीवरून माझ्याकडे पाहत होते. ज्या ‘पीद’ नावाच्या गुप्त पोलिसांचा धाक आमच्या आजोबांना होता, तोच इथल्या आजोबांनाही होता. मी इतिहास शाळेत शिकलो, पण ही बाजू माझ्यापर्यंत पोहोचली नव्हती.

दुपारी काइश दु सुद्रे स्टेशनवरून लोकल पकडून बेलेमला गेलो. वाटेत नदीवरचा लाल झुलता पूल दिसतो. १९६६मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्याचं नाव सालाझार पूल होतं. आज त्याचं नाव ‘२५ एप्रिल पूल’ आहे. का, ते पुढे येईल.

बेलेमला जेरोनिमोस मठ आहे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला राजा मानुएलने तो बांधायला घेतला. त्यासाठीचा पैसा आला पूर्वेकडच्या व्यापारावरच्या करातून. दगडात कोरलेले दोरखंड, समुद्री वनस्पती, गोल यंत्रं पाहून थक्क व्हायला होतं. चर्चमध्ये राजांच्या कबरी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. मुलं बरोबर असतील तर ते हत्ती त्यांना नक्की दाखवा. आत शिरताच डाव्या हाताला वास्को द गामाची कबर, उजव्या हाताला कवी कामोंइशची. कामोंइश काही वर्षं गोव्यात राहिला होता. वास्को द गामा १५२४मध्ये कोचीला वारला, त्याच्या अस्थी नंतर पोर्तुगालला नेल्या. गोव्यात ‘वास्को’ म्हणजे आमच्यासाठी रेल्वे स्टेशन आणि बंदर. त्या माणसाच्या कबरीसमोर उभं राहून मला राग आला नाही आणि भक्तीही वाटली नाही. मिऱ्याचा हिशेब मात्र आठवला.

जवळच नदीकाठी दर्यावर्दींचं ५२ मीटर उंच स्मारक आहे. जहाजाच्या नाळेवर दगडी माणसं रांगेत उभी आहेत. खाली जमिनीवर जगाचा नकाशा आहे आणि पोर्तुगीज कुठे कोणत्या साली पोहोचले ते त्यावर लिहिलेलं आहे. हे दगडी स्मारक १९६०चं. म्हणजे सालाझारचं सरकार इथे दगड रचत होतं, त्याच्या पुढच्याच वर्षी गोवा मुक्त झाला. नकाशावर पोहोचल्याची सालं आहेत, निघून गेल्याची नाहीत.

खाण्याचं सांगायला हवं. बेलेमला १८३७पासून चालू असलेल्या दुकानात अंड्याच्या पिवळ्या बलकाचे छोटे गोड पेस्ट्री-वाटे मिळतात. गरम असताना वर दालचिनी भुरभुरून खायचे. बेबिंका आवडणाऱ्यांना ते आवडणारच. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र लांबूनच नमस्कार करावा. शाकाहारी असाल तर हिरव्या भाजीचं सूपही विचारून घ्या, त्यात सॉसेजचा तुकडा असतो. मेनूकार्ड वाचताना मजा येते. बटाटा, पाव, अननस, चावी हे शब्द आपण तिथूनच घेतले. ‘तुरुंग’सुद्धा पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला असं सांगतात. कोकणीत तर अजून ‘त्रोंक’च म्हणतात.

संध्याकाळी पर्यटक शहराकडे परततात. मी उलट दिशेची, सगळ्या स्टेशनांवर थांबणारी लोकल घेतली आणि काशियशला उतरलो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला टेकडीवर चढत जाणारी वस्ती. वर काशियशचा किल्ला आहे. तिथे अजूनही तुरुंग आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. पाहण्यासारखं काही नाही, हे मला माहीत होतं. मी मोहन रानडे यांच्यासाठी गेलो होतो.

मूळचे मनोहर आपटे, सांगलीचे. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आले आणि आझाद गोमंतक दलात सामील झाले. १९५५मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. २६ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पोर्तुगालला आणून या किल्ल्यात ठेवलं. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाला, पण रानडे सुटले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी खूप खटपट केली. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना विनंती केली. शेवटी जानेवारी १९६९मध्ये ते सुटले. आपण मुक्तिदिनाचं झेंडावंदन करत होतो त्यातली सात वर्षं हा माणूस इथे आत होता. त्यांचं ‘सतीचे वाण’ हे पुस्तक आपल्या घरांत असायला हवं.

पुढची लोकल येईपर्यंत मी फलाटावर उभा होतो. शाळेची मुलं दप्तरं घेऊन उतरत होती, एक बाई मासळीची पिशवी सांभाळत होती. अगदी मडगाव स्टेशनसारखं.

रात्री शहरात परतून कार्मोच्या चौकात गेलो. तिथे १७५५च्या भूकंपात छप्पर गेलेलं चर्च तसंच उघडं ठेवलं आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी लष्करातल्या तरुण अधिकाऱ्यांनी बंड केलं, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोचली आणि याच चौकात पंतप्रधान कायतानुने शरणागती पत्करली. त्यानंतर एक-दोन दिवसांत काशियशचे राजकीय कैदी बाहेर आले. त्याच वर्षाच्या शेवटी पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. म्हणजे तिथल्या लोकांनी स्वतःची सुटका केली, तेव्हा कुठे आपल्या मुक्तीवर त्यांच्या सरकारची सही झाली.

जेवायला माझा मडगावचा शाळासोबती भेटला. तो चार वर्षांपासून पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे नोकरी करतो. मी विचारलं, ‘जड गेलं का रे?’ तो म्हणाला, ‘जुना पासपोर्ट परत दिला त्या रात्री झोप लागली नाही. पण घराचं कर्ज फिटलं.’ काशियशबद्दल त्याने ऐकलं नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘रोज त्याच लाइनने कामाला जातो मी.’

घरी आल्यावर मी बाबांना सांगितलं की मी अर्ज करणार नाही. कारण साधं आहे: ते आणि आई फोंड्यात आहेत आणि माझं काम इथून चालतं. इतिहासाला मी त्यात ओढलं नाही. माझ्या मित्राचा हिशेब वेगळा होता आणि तोही प्रामाणिक आहे. बाबा म्हणाले, ‘बरं. दाखला मात्र फायलीत ठेव, तुझ्या मुलीला लागला तर.’ मी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला आणि त्याच फायलीत काशियशच्या लोकलचं तिकीटही ठेवलं. तिने कधी दाखला मागितला, तर तिकिटाची गोष्टही तिला सांगता येईल.

जाणार असाल तर एक सूचना: सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद असतात. अर्धा दिवस बेलेमला द्या, अर्धा अल्जूबला. आणि संध्याकाळी वेळ उरला, तर काशियशपर्यंतची लोकल.