दलाल की खरेदीदार?

मैत्रिणींनो, माहेरच्या जमिनीचा विषय निघाला की आपण बहुतेकजणी ‘दादा बघेल’ म्हणून मोकळ्या होतो. सही मात्र आपलीही लागते. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीचा वाटा मुलाइतकाच धरतात, म्हणून ती सही.

गेल्या वर्षी रोह्याहून दादाचा मला पेणला फोन आला, “साठेखत आहे, सहीला ये.” जमीन एक एकर, म्हणजे 40 गुंठे. भाव 60 हजार गुंठा, एकूण 24 लाख. दलाली दोन टक्के, 48 हजार.

मी चष्मा लावून कागद वाचायला घेतला (मास्तरीण ना, तपासायची सवय!). खरेदीदार म्हणून नाव होतं खुद्द दलालाचं, आणि पुढे ‘अथवा ते सांगतील त्या इसमाचे नावे’. म्हणजे एक लाख इसार देऊन जमीन अडवायची, मुंबईचं गिऱ्हाईक गाठायचं आणि खरेदीखत आमच्याकडून परस्पर त्याच्या नावे करून घ्यायचं. चौकशी केली तर गिऱ्हाइकाला भाव सांगितला होता 85 हजार! मधले 10 लाख त्याचे, वर आमच्याकडून दलाली.

असा सौदा फिरवणं सर्रास चालतं. पण जो स्वतः खरेदीदार, त्याला दलाली कसली? त्याची कमाई मधल्या फरकात. गिऱ्हाईक आणायला त्याने दुसरा माणूस लावला असेल, तर त्याचे पैसे त्यानेच द्यावेत. आणि आपला दलाल म्हणवून आपल्या नकळत स्वतःसाठीच व्यवहार केला, तर तो फायदा मालकाला मागता येतो. 1872 च्या करार कायद्यातच तसं आहे, बरं का. दोन टक्के ही नुसती रूढी. महारेराची नोंदणी प्रकल्पातले फ्लॅट-प्लॉट विकणाऱ्या दलालाला लागते. साध्या शेतजमिनीच्या दलालाला नाही. तेव्हा आपल्या कागदावर काय लिहिलंय, तेच खरं.

दादा म्हणाला, “अगं, सौदा मोडेल.”

“मोडू दे.”

मोडला नाही. दलालीचं कलम गेलं, भाव 68 हजार झाला, तीन महिन्यांची मुदत घातली. कुलमुखत्यारपत्र मात्र आम्ही दिलं नाही. शेतजमीन आपल्याकडे शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून त्या गिऱ्हाइकाचा सातबाराही आधी मागवला.

दादा आठवडाभर बोलला नाही. वहिनींनी निघताना वाल मात्र नेहमीपेक्षा जास्तच बांधून दिले.