समजून घ्या : अर्थतज्ज्ञ मंत्री झाला की काय होतं? नायजेरिया, सी. डी. देशमुख आणि धाराशिवची ‘हैदराबाद बँक’

जागतिक व्यापार संघटनेच्या प्रमुख न्गोझी ओकोंजो-इवेला या मूळच्या अर्थतज्ज्ञ. जागतिक बँकेत काम केल्यावर २००३मध्ये त्या नायजेरियाच्या अर्थमंत्री झाल्या. २००५मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली वाटाघाटी झाल्या आणि धनको देशांच्या ‘पॅरिस क्लब’ने नायजेरियाचं सुमारे १८ अब्ज डॉलरचं कर्ज माफ केलं. पुढच्याच वर्षी, जून २००६मध्ये, त्यांच्याकडून अर्थखातं काढून परराष्ट्र खातं देण्यात आलं. दोन महिन्यांत त्यांनी राजीनामा दिला.

एवढं काम करणाऱ्या मंत्र्याचं खातं असं कसं जातं? याचं उत्तर आपल्याच राज्याच्या इतिहासात सापडतं. त्यात धाराशिव जिल्ह्याचाही संबंध येतो.

कोण होते सी. डी. देशमुख?

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १८९६चा, रायगड जिल्ह्यातल्या महाडजवळच्या नाते गावचा. केंब्रिजमध्ये ते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र शिकले. आयसीएस परीक्षेत पहिले आले. अर्थकारण ते नोकरीत शिकले आणि १९४३मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

१९४४मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला ४४ देशांची परिषद झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक तिथेच ठरली. पारतंत्र्यातल्या भारताच्या शिष्टमंडळात देशमुख होते. युद्धकाळात ब्रिटनकडे अडकलेली भारताची रक्कम मोकळी व्हावी आणि नव्या संस्थांनी गरीब देशांच्या विकासाकडेही पाहावं, यासाठी शिष्टमंडळाने जोर लावला. अडकलेल्या रकमेचा प्रश्न मात्र परिषदेने हाती घेतला नाही.

१९५०मध्ये ते देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांच्या आधीचे अर्थमंत्री जॉन मथाई हेही अर्थतज्ज्ञच. नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून मतभेद झाल्याने त्यांनी राजीनामा दिला होता.

आपल्या बँकेशी काय संबंध?

रिझर्व्ह बँकेने १९५१-५२मध्ये ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. शेतकरी उचलत असलेल्या दर १०० रुपयांपैकी जवळपास ७० रुपये सावकाराचे निघाले. सहकारी संस्थांचे जेमतेम ३ आणि व्यापारी बँकांचा १ रुपयाही नाही. त्यावर उपाय म्हणून इम्पीरियल बँक सरकारी अखत्यारीत घेऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक सुरू झाली. पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढण्याचं बंधन तिच्यावर होतं. तेव्हा अर्थमंत्री होते देशमुख. १९५६च्या जानेवारीत आयुर्विमा कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या, तेही त्यांच्याच काळात; त्यातून पुढे एलआयसी उभी राहिली.

धाराशिव तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. निजामाच्या काळात १९४१मध्ये स्थापन झालेली बँक १९५६मध्ये ‘स्टेट बँक ऑफ हैदराबाद’ झाली आणि १९५९मध्ये स्टेट बँकेची उपकंपनी बनली. २०१७मध्ये स्टेट बँकेत विलीन झालेली मराठवाड्याची ‘हैदराबाद बँक’ ती हीच.

मग राजीनामा का?

जानेवारी १९५६मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. मुंबईत आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला. मंत्रिमंडळात चर्चा न होताच निर्णय जाहीर होतात, असा आक्षेप घेत देशमुखांनी जुलै १९५६मध्ये पद सोडलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला त्यातून मोठं नैतिक बळ मिळालं.

चार महिन्यांत, १ नोव्हेंबरला, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्यात आला. त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. ते पक्षात राहिले, टीका सोसली आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.

दोघांत फरक काय?

चव्हाणही पुढे अर्थमंत्री झाले आणि ओकोंजो-इवेला यांच्यासारखेच अर्थखात्यातून १९७४मध्ये परराष्ट्र खात्यात गेले. मात्र काँग्रेसची सत्ता जाईपर्यंत, म्हणजे १९७७पर्यंत, ते तिथे टिकले. चव्हाण वकील, पण कार्यकर्त्यांतून वर आलेले. जिल्ह्याजिल्ह्यांत त्यांची माणसं होती. देशमुख १९५२मध्ये कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले होते, तरी पक्षात त्यांचा गट नव्हता. १९६९मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, तेव्हा ते तिसरे आले.

तज्ज्ञ मंत्र्याला खुर्ची मिळते ती वरच्या नेत्याच्या विश्वासावर. विश्वास आटला की पटत नसताना बसून राहणं किंवा उठून जाणं, एवढंच त्याच्या हाती उरतं. देशमुख उठून गेले. चव्हाणांनी आत राहून वाट काढली. महाराष्ट्र घडायला दोघांचाही हातभार लागला.

यातून आपण काय पाहायचं?

एखाद्या नामवंत तज्ज्ञाला मंत्री केल्याची बातमी आली की त्याच्या पदव्यांची यादी फिरू लागते. त्यापेक्षा दोन गोष्टी तपासाव्यात. निर्णय होण्याआधी त्याला विचारलं जातं का? आणि तो गेल्यावर टिकेल अशी संस्था तो उभी करतोय का? देशमुखांच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं, म्हणून ते गेले. दुसऱ्याचं उत्तर गावातल्या स्टेट बँकेच्या शाखेत आजही मिळतं. पीक कर्जासाठी तिथे रांग लागते आणि त्या रांगेत नंबर न लागलेला शेतकरी अजूनही सावकाराचं दार गाठतो. १९५१ची पाहणी ज्या प्रश्नासाठी झाली, तो पुरता सुटलेला नाही.