‘त्याने’ की ‘त्यांनी’?

सूरह इब्राहीमच्या ९व्या आयतीत पैगंबरांचे म्हणणे ऐकून लोकांचे हात तोंडाकडे जातात. कुरआनचा अर्थ मराठीत लिहिताना इथे ‘तोंडात बोटे घातली’ असे सहज लिहिले जाते. आपल्याकडे तोंडात बोटे जातात ती आश्चर्याने. इ.स. ९२३ मध्ये वारलेल्या भाष्यकार तबरींनी आश्चर्य हा अर्थ नोंदवला आहे, पण भाष्यकारांनी दिलेले अर्थ आणखीही आहेत: रागाने स्वतःची बोटे चावली, ‘गप्प बसा’ अशी खूण केली, हात पैगंबरांच्याच तोंडावर ठेवले. तोंड कोणाचे, हे अरबी सर्वनाम सांगत नाही. मराठीत मात्र ‘आपल्या’ लिहिले की शेवटचा अर्थ बादच होतो.

सूरह लुकमानच्या १८व्या आयतीत लुकमान मुलाला सांगतात, लोकांपुढे गाल वळवू नकोस. त्या क्रियापदामागे उंटाची मान वाकडी करणारा रोग आहे. ‘गाल फुगवू नकोस’ म्हटले तर गर्वाचा रुसवा होतो. ‘तोंड फिरवू नकोस’ बरे, पण उंट निसटतो. निदान दर्स (कुरआनचे प्रवचन) देताना तरी तो सांगावा.

प्रत्येक ठिकाणी मराठी वाक्प्रचार टाळा, असे मात्र नाही. सूरह कहफच्या ४२व्या आयतीत बाग उद्ध्वस्त झालेला माणूस घातलेल्या पैशांच्या हळहळीने तळवे उलटसुलट करतो. तिथे ‘हात चोळत बसला’ मला तरी चालते.

खरी कसोटी सूरह अबसची. पहिल्या आयतीत कपाळाला आठ्या घालून पाठ फिरवणाऱ्याचे नाव नाही. ज्यांच्या येण्यामुळे हे घडले, ते इब्न उम्मे मक्तूम अंध होते. त्यांना आठ्या दिसल्याही नसणार. बहुतेक सुन्नी भाष्यकारांच्या मते हा चेहरा पैगंबर मुहम्मद (स.) यांचा, तबातबाईंसारख्या शिया भाष्यकारांना ते मान्य नाही. कंसात नाव घातले की वाचकाला वाद होता हेही कळत नाही. आणि कंस टाळला तरी मराठी सोडत नाही: ‘त्याने’ लिहायचे की ‘त्यांनी’? आदरार्थी बहुवचनच निकाल देऊन टाकते.

‘कपाळावर आठ्या आल्या, पाठ वळली’ अशी कर्त्यावाचूनची रचना करून पाहिली. वाद शाबूत राहतो, पण आठ्या आपोआप आल्यासारख्या वाटतात आणि बोल लावण्याची धार जाते. तिसऱ्या आयतीत थेट ‘तू’ येतो, तेव्हा तो अधांतरी वाटतो. याहून बरी रचना कोणाला साधली असेल, तर पुढच्या अंकासाठी जरूर पाठवा.