सात घरचं मांजर

मांजर घरात ठेवावं की गावावर सोडावं, या एका प्रश्नावरून माझं सासुरवाडीशी जमत नाही. आम्ही नांदेडला, वजिराबादेत तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडक्यांना जाळी, आणि मांजर आत. मेहुणे लातूरला, गंजगोलाईजवळ. त्यांचं मांजर दिवसातून दोनदा घरी येतं, तेही जेवायला. मेहुण्यांच्या मते मी जेलर आहे.

"दाजी, मुक्या जिवाला कोंडून ठेवायलाव. पाप लागतंय बघा!" असं ते दर दिवाळीला म्हणतात. सौ. लगेच माझ्याकडे कैद्याच्या नातेवाइकासारखी पाहू लागते.

मी म्हणतो, मोकळं म्हणजे कुठं मोकळं? गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथल्या मांजरानं आडवं जायचं तरी किती रस्त्यांना? आणि आडवं गेल्यावर ट्रकवाला थोडाच अपशकुन समजून थांबतो? त्यातून वाचलं तर कुत्री आहेत. कुत्र्यांतूनही वाचलं, तर कुणीतरी घातलेलं औषध खाऊन झिंगलेला उंदीर आयता समोर येतो. तो खाल्ला की मांजराचाही कारभार आटोपतो.

मेहुण्यांचा हुकमी एक्का म्हणजे उंदीर. लातूर हे डाळीचं आणि धान्याचं गाव. मांजर नसलं तर उंदीर आडत बुडवतील, असं त्यांचं म्हणणं. आता यावर थोडं परदेशात जाऊन येऊ. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात भंगार-रद्दीच्या एका कारखान्यात उंदरांचं मोठं बिऱ्हाड होतं, आणि आसपास भटकी मांजरं. संशोधकांनी कॅमेरे लावले. २०१८ साली निष्कर्ष छापून आला : ७९ दिवसांत मांजरांनी मारलेले उंदीर, दोन! इतकं काम तर आमच्या ऑफिसातही होतं. मोठ्या उंदराशी भांडण नको, त्यापेक्षा चिमणी बरी, असा मांजराचा व्यवहारी हिशेब असतो.

आणि ती चिमणी फुकट जाते. जर्मनीत वालडोर्फ नावाचं गाव आहे. तिथं २०२२ साली तुरेवाल्या चंडोलाची पिल्लं वाचावीत म्हणून गावाच्या एका भागात ऐन उन्हाळ्यात मांजरं बाहेर सोडायला बंदी घातली. दोरी बांधून फिरवायला परवानगी होती. मेहुणे हे ऐकून पोट धरून हसले. पण या चंडोलाचे भाऊबंद आपल्याही माळावर असतात, जमिनीवरच घरटं करतात, आणि त्यांच्या बाजूनं हुकूम काढायला इथं कुणी बसलेलं नाही.

माझा खरा राग मात्र मांजरावर नाही, 'मोकळं' या शब्दावर आहे. मांजर पिलांना सात घरं फिरवते म्हणतात. पण सात घरी जेवणाऱ्या मांजराचं दुखणं आठव्यालाच काय, सातांतल्या एकालाही कळत नाही. पहिल्याला वाटतं दुसऱ्यानं नेलं असेल डॉक्टरकडे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. माणसं घागरी घेऊन रांगेत उभी होती. मोकळ्या मांजराचा नंबर त्या रांगेत कितवा होता? ज्याच्या घरी मांजर होतं, त्यानं आपल्या तांब्यातलं वाटीभर काढून ठेवलं. ज्याचं मांजर गावाचं होतं, त्यानं गावावर ढकललं.

पिलांचं तर बोलायलाच नको. नसबंदी 'निसर्गाविरुद्ध' म्हणून करायची नाही, आणि पिल्लं झाली की पिशवीत घालून रात्री बाजारात सोडून यायची. तेव्हा निसर्ग कुठं जातो? डोळे मिटून दूध पितं ते मांजर नव्हे, मालक!

घरात ठेवणं सोपं नाही, हे मला कबूल आहे. जाळी लावा, वाळूचा ट्रे रोज साफ करा, रात्री अकराला दोरीचा तुकडा घेऊन त्याच्याशी खेळा. माझा गुडघा याला साक्षी आहे. पण पाळणं या क्रियापदात एवढं येतंच. ते झेपत नसेल तर पाळू नये. पण 'स्वातंत्र्य दिलं' असं तरी म्हणू नये.

परवा हे सगळं मेहुण्यांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "ठीक हाय दाजी. आमचं मांजर कोंडतो, अन् गल्लीतले उंदीर नांदेडला पाठवतो."

"पाठवा," मी म्हणालो. "आमच्याकडे त्यांना भेटायला कुणीतरी घरी असतं."